बाबांना बोलता येत नाही, पण अभंग अख्खा म्हणतात. याचा उपयोग करून घेता येईल का?

लालबागकरीण

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, पण कृपया पूर्ण वाचा.

माझ्या बाबांना (वय ७१) फेब्रुवारीत पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. वेळेत इस्पितळात पोचलो, जीव वाचला, आता काठी धरून गॅलरीपर्यंत चालतात. उजवा हात अजून लुळा आहे. वाचा मात्र गेली. समजतं सगळं. चष्मा कुठे आहे विचारलं की बोट दाखवतात, नातवाने पत्त्यांत लबाडी केली की लगेच पकडतात. पण तोंडातून एकच शब्द येतो, 'तेच'. पाणी हवं, तेच. पंखा कमी कर, तेच. आपल्याला कळलं नाही की डाव्या हाताने मांडीवर थापट्या मारतात आणि तोंड फिरवून बसतात.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ८२च्या संपानंतर मिळेल ते काम केलं, पण शनिवारचं भजन कधी सोडलं नाही. चाळीच्या मारुतीपुढे रात्री साडेनऊला जे बसायचे ते बारापर्यंत. चाळ गेली, टॉवर आला, मंडळ मात्र टिकलं. आषाढीला त्यातले चार काका टाळ-पखवाज घेऊन घरी आले. बुवांनी धृपद उचललं आणि दुसऱ्या ओळीपासून बाबा म्हणायला लागले. शब्दांसकट. चारही चरण, शेवटच्या नाममुद्रेपर्यंत, एक अक्षर न चुकता. आई स्वयंपाकघरातून पीठाच्या हातांनी धावत आली. गजर संपल्यावर मी विचारलं, बाबा, पाणी देऊ? तर म्हणाले, 'तेच'.

हे असं कसं होतं? ज्या तोंडाला 'पाणी' म्हणता येत नाही त्याला अख्खा अभंग कसा येतो? आणि याचा काही उपयोग करून घेता येईल का?

आणखी दोन गोष्टी. आमच्या आत्याने व्हॉट्सअॅपवरचा एक तक्ता पाठवलाय, कुठल्या आजारावर कुठला राग. पक्षाघातासाठी तीन राग दिलेत, रक्तदाबासाठी दोन. एका माणसाकडे 'राग-उपचारा'चं पॅकेज आहे, ऐंशी टक्के गुण येतो म्हणतो, पैसे आगाऊ मागतो. वर 'आमचे राग सुरू केले की रक्तदाबाच्या गोळ्या हळूहळू सोडा' असंही सांगतो. मला धीर होत नाहीये, पण नाही म्हटलं तर बाबांसाठी काहीतरी करायचं राहून गेलं असं आयुष्यभर वाटेल.

आणि आई आता दिवसभर स्पीकरवर अभंग लावून ठेवते. बरोबर आहे का?

टाळकरी_शिवडी

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमच्याही मंडळात असे एक बुवा होते. घरी गप्प, भजनात खणखणीत. काय करायचं ते जाणकार सांगतील, पण मंडळातल्या काकांना दर शनिवारी घरी यायला सांगा. ते येतील. बोलवायची वाट बघत असतील.

शब्दसखी

लालबागकरीण, मी वाचाउपचार करते. बरीच वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात काढली, आता परळ-दादर-शिवडी भागात लोकांच्या घरी जाते. पेशंटला न तपासता उपचार ठरवू नयेत, ठरवणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते मी अनेक घरांत पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतील. त्यातला हा समजतं-पण-बोलता-येत-नाही असा प्रकार दिसतो. पॅरिसच्या पॉल ब्रोका या सर्जनने १८६१ मध्ये असा एक रुग्ण तपासला. काहीही विचारलं तरी तो 'टॅन' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणत. तो वारल्यावर मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. बाबांचं 'तेच' त्याच जातीचं आहे. त्यांच्या मनात 'पाणी' असतं, तोंडून 'तेच' पडतं, आणि चुकीचं पडलं हे त्यांना त्याच क्षणी कळतं. मांडीवरच्या थापट्या त्या चिडीच्या आहेत. आईंना हे नक्की सांगा. घरातली निम्मी भांडणं 'मुद्दाम करतात' या समजुतीतून होतात.

आता अभंग. वर्षानुवर्षं म्हटलेल्या गोष्टी मेंदूत नव्याने जुळवाव्या लागत नाहीत. एक ते वीस आकडे, वारांची नावं, आरती, पाढे, अगदी तोंडात बसलेली शिवीसुद्धा, एकदा सुरू झालं की पुढचं आपोआप सरकत येतं. 'मला पाणी हवंय' हे वाक्य मात्र दर वेळी नवं बांधावं लागतं, आणि बांधणारी जागाच दुखावली आहे. त्यात चालीचं बरंचसं काम उजव्या बाजूला होतं, ती बाबांची शाबूत आहे. परळचा पूल बंद केल्यावर गाड्या करी रोडवरून वळवल्या, तसं काहीसं. लहान रस्ता आहे, सगळी वाहतूक पेलणार नाही, पण माणूस पलीकडे पोचतो.

म्हणून अभंग आला याचा अर्थ बोलणं परत आलं असा काढू नका. त्याचा अर्थ एवढाच की गळा, जीभ, ओठ चालतात, श्वास पुरतो, आणि जाण्यासारखी एक वाट उघडी आहे. नुसती भजनं म्हणत राहिलं तर भजनंच म्हणता येतील. त्या वाटेने रोजच्या गरजेचे शब्द आणावे लागतात, आणि तिथेच खरी मेहनत आहे.

ही मेहनत कशी करायची याची एक पद्धत १९७३ मध्ये बोस्टनच्या वाचाउपचारकांनी आणि न्यूरोलॉजिस्टनी मांडली. मी ती मराठीत अशी करते. समोरासमोर बसायचं. पेशंटचा डावा हात माझ्या हातात. 'चहा हवा' हे दोनच शब्द. आधी मी नुसती चाल गुणगुणते, दोनच स्वर, एक खालचा एक वरचा. घरात आपण 'चहा हवा' ज्या लकबीने म्हणतो तिलाच किंचित ताणायचं, वेगळं गाणं करायचं नाही. प्रत्येक अक्षराला त्यांच्या डाव्या हाताने टेबलावर एक थाप. मग दोघांनी एकत्र म्हणायचं. मग अर्ध्यावर मी थांबते, त्यांनी पुढे न्यायचं. मग मी म्हटल्यावर त्यांनी एकट्याने. मग मी विचारते, काय हवं? आणि त्यांनी उत्तर द्यायचं. ते जमलं की स्वर हळूहळू काढून टाकायचे, ठेका ठेवायचा, शेवटी साधं बोलणं उरलं पाहिजे. एका वाक्याला आठवडे लागतात. काहींना चार-पाच वाक्यांच्या पुढे जाता येत नाही, काही पुढे स्वतःहून नवे शब्द जोडतात. कोण कुठवर जाईल हे आधी कोणी सांगू शकत नाही. जो ऐंशी टक्के सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काम चालीमुळे होतं की ठेक्यामुळे, यावर अजून वाद आहे. २०११ मध्ये जर्मनीत १७ रुग्णांवर एक अभ्यास झाला. ठेका सारखा ठेवून गायलं आणि नुसतं ठेक्यात बोललं, तर गाण्याने वेगळा फायदा दिसला नाही. ठेका आणि ओळखीचे शब्द हेच जास्त महत्त्वाचे ठरले. माझा अनुभवही तिकडेच झुकतो. सूर हरवलेला पेशंट चालतो, ताल धरणारा हवा. तुमच्या बाबांनी उभी हयात टाळ धरलाय, ही त्यांची मोठी कमाई आहे.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवू नका. जो माणूस त्या सोडायला सांगतो त्याच्या हातात बाबांना देऊ नका. पुन्हा गुठळी झाली तर ही उघडी वाटही बंद होऊ शकते.

दिवसभर स्पीकर नको. गाणं ऐकण्याचा उपयोग आहे. हेलसिंकीत ६० रुग्णांवर अभ्यास झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर दोन महिने रोज निदान तासभर आपल्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता, ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली, मनही कमी खचलं. पण तो ठरवून ऐकलेला तास होता. मागे सतत आवाज असला तर दुखावलेल्या मेंदूला समोरच्याचं बोलणं वेगळं काढता येत नाही, माणूस थकतो. बोलण्याचा सराव करताना टीव्ही, स्पीकर, मिक्सर, सगळं बंद.

सतार_दादर

शब्दसखी, तुमचं लिखाण आवडलं, पण त्या पॅकेजवाल्यामुळे राग-उपचारच झटकून टाकू नये असं वाटतं. मी वीस-बावीस वर्षं शास्त्रीय शिकतोय. रात्री पुरिया किंवा दरबारीची आलापी ऐकल्यावर माझं मन जसं उतरतं तसं दुसऱ्या कशानेच नाही. पंडित ओंकारनाथ ठाकूरांनी १९३३ मध्ये इटलीत मुसोलिनीला पुरिया ऐकवून झोप आणली, ही गोष्ट आमच्या गुरुजींच्या तोंडून कितीदा ऐकली आहे. रागाला काहीच शक्ती नसती तर हे कशातून आलं?

शब्दसखी

शक्ती नाही असं मी म्हणणार नाही. मुसोलिनीची गोष्ट मीही ऐकली आहे, आणि संथ आलापीने श्वास लांबतो, नाडी निवते, हे तुम्ही रोज अनुभवता. ज्याला दरबारी आवडतो त्याला दरबारी द्यावा. माझा आक्षेप तक्त्याला आहे. अमुक राग अमुक आजारावर, हे असं ठरलेलं कुठल्याही चाचणीत दिसलेलं नाही. लालबागच्या गिरणी कामगाराचं मन भजनाच्या ठेक्यावर घडलेलं असेल तर त्याला उत्तररात्रीचा दरबारी परका वाटेल. संगीत माणसाच्या आठवणींमधून काम करतं, म्हणून निवड त्याची हवी.

थिएटरसिस्टर

ऑपरेशन थिएटरमधून एक अनुभव. कमरेत इंजेक्शन देऊन जी ऑपरेशन्स होतात त्यात माणूस जागा असतो. ड्रिलचा, हत्यारांचा आवाज ऐकू येतो, त्याने घाबरतो. आमच्याकडे एक भूलतज्ज्ञ मॅडम पेशंटला आधीच विचारतात, काय ऐकणार? हेडफोन लावतात. कोणी कीर्तन मागतं, कोणी जुनी हिंदी गाणी, एका आजोबांनी क्रिकेटची कॉमेंट्री मागितली होती. झोपेचं औषध कमी लागतं असं मॅडम म्हणतात. त्यांनीच मला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१५चा आढावा दाखवला. ७३ चाचण्या, सुमारे ७००० रुग्ण. ऑपरेशनच्या आसपास संगीत ऐकवलं तर नंतरची वेदना, भीती आणि वेदनाशामकांची गरज कमी होते. इस्पितळातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. किती करतं आणि किती करत नाही, दोन्ही त्यात स्पष्ट आहे.

ग्रंथसंग्रहालयाचा_बाक

मी निवृत्त शिक्षक. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दुपारी बसतो, त्यामुळे जुन्या गोष्टी डोक्यात असतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनाच्या (उलटी-जुलाब करवून शरीरशुद्धीच्या) रुग्णासाठी घर कसं असावं ते दिलंय. वारा किती, धूर कुठून जावा, उखळ कुठे, पाणी कुठे. त्याच यादीत सेवकांबरोबर गाण्यात, वाद्यांत, गोष्टी आणि पुराणं सांगण्यात कुशल माणसं ठेवावीत असं म्हटलंय. म्हणजे औषधाच्या जोडीला गाणारा माणूस हा रुग्णालयाच्या बांधणीचाच भाग मानला होता. तुर्कस्तानात एदिर्नेला सुलतान दुसऱ्या बायेझीदने १४८८ मध्ये रुग्णालय पूर्ण केलं. एव्हलिया चेलेबी हा प्रवासी सतराव्या शतकात तिथे गेला, त्याने लिहून ठेवलंय की गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीनदा रुग्णांपुढे वाजवत. मनोरुग्णांनाही त्यात धरलं होतं. त्याच काळात युरोपात अनेक ठिकाणी त्यांना साखळदंड होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या वाद्यांची किंमत कळते.

पण ताई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची नोंद स्वीडनची आहे. १७४५ मध्ये ओलोफ डालिन या तिथल्या लेखकाने एका माणसाबद्दल लिहिलं. झटक्याने उजवी बाजू लुळी पडलेली, 'हो' एवढा एकच शब्द उरलेला. तो आजारापूर्वी पाठ असलेली चर्चमधली स्तोत्रं स्वच्छ म्हणायचा. मात्र सुरुवातीला कुणीतरी बरोबर गाऊन उचलून द्यावं लागे. काही प्रार्थना तो चालीशिवाय, पण ठेक्यात, वरच्या आवाजात म्हणायचा. तुमच्या बाबांना बुवांनी धृपद उचलून दिलं, ते हेच. आणि शब्दसखी ठेक्याबद्दल जे सांगतात तेही त्या नोंदीत आहे.

हे सगळं असूनही संगीत-उपचाराचं रीतसर शिक्षण फार उशिरा सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धातले जखमी अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत भरले, तिथे वादक जाऊन वाजवू लागले, आणि डॉक्टरांना कळलं की नुसता चांगला वादक पुरत नाही, त्याला रुग्णही कळला पाहिजे. १९४४ मध्ये मिशिगनला पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला. आपल्याकडे गल्लोगल्ली गाणारे-वाजवणारे आहेत, पण रुग्णालयात पगारावर नेमलेला संगीत-उपचारक मी तरी पाहिलेला नाही. मुंबईसारख्या शहरात ही उणीव मला फार बोचते.

टाळकरी_शिवडी

चालण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. माझ्या थोरल्या भावाला पार्किन्सन आहे. दाराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात, हलतच नाहीत, स्टेशनवर तर मागून लोकल पकडायची घाई असलेली माणसं ढकलून जातात. फिजिओच्या मॅडमनी सांगितलं, मेंदूत आतून पावलाची वेळ सांगणारी यंत्रणा बिघडली आहे, बाहेरून ठोका दिला तर पाय त्यावर चालतात. याचा अभ्यास अमेरिकेत मायकेल थाउट या संशोधकांनी नव्वदच्या दशकात केला, पार्किन्सनवर तीन आठवड्यांचा सराव घेऊन. आधी भावाची नेहमीची चाल मोजली, तेवढ्याच गतीचा ठोका मोबाईलवर लावला, मग थोडा थोडा वाढवला. मोबाईलच्या टिकटिकीला तो कंटाळला, तेव्हा मी आठ मात्रांचा भजनी ठेका रेकॉर्ड करून दिला. दिंडीत पावली खेळलेला माणूस आहे, पाय बरोबर समेवर पडतो. आजार बरा होत नाही, गोळ्या चालूच आहेत. पण स्वयंपाकघरातून संडासापर्यंत एकटा जातो, याचं मोल त्यालाच ठाऊक.

ताई, बाबांच्या फिजिओला हे विचारून बघा. पक्षाघातानंतरच्या चालण्यालाही वापरतात म्हणे.

शब्दसखी

हो, वापरतात. फक्त पडण्याचा धोका आहे, म्हणून पहिले काही दिवस फिजिओ शेजारी असतानाच करा.

लालबागकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेजवाल्याला काल नाही कळवलं. आत्यालाही फोन करून गोळ्यांचं समजावलं, ती ऐकून घाबरलीच, तिचा हेतू वाईट नव्हता.

शनिवारी काकांना बोलावलं आहे. आईने स्पीकर संध्याकाळच्या एका तासावर आणला. बाबांपुढे तीन कॅसेट ठेवल्या, त्यांनी बोटाने एक निवडली. स्वतःची निवड करताना त्यांचा चेहरा बरेच दिवसांनी असा पाहिला.

शब्दसखी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भजन म्हणताना बाबा मध्येच रडतात, हुंदके देऊन, थांबत नाहीत. तेव्हा थांबवावं का? आणि सरावासाठी पहिले शब्द कोणते घ्यावेत? आई म्हणते देवाचं नाव घ्या, मुलगा म्हणतो त्याचं नाव.

शब्दसखी

रडण्याबद्दल आधी न्यूरोच्या डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर रडणं-हसणं आवरणारी यंत्रणाही दुखावते, मग थोड्याशा भावनेने बांध फुटतो. आणि साधारण तीनातल्या एका रुग्णाला खरं नैराश्यही येतं. दोन्हींवर औषधं आहेत, सोसत बसायची गरज नाही. भजनात दोन अश्रू आले तर गाणं चालू ठेवा, हात हातात धरा. हुंदके वाढून श्वास लागला तर थांबा, पाणी द्या, विषय बदला.

पहिले शब्द बाबांनी ठरवायचे. ज्या गोष्टीसाठी ते दिवसातून सगळ्यात जास्त वेळा मांडीवर थापट्या मारतात, तो शब्द पहिला. दोन दिवस आईंना वहीत टिपायला सांगा. बहुतेक घरांत पाणी, संडास, 'दुखतंय' आणि 'नको' हे निघतात. 'नको' लवकर घ्या. ज्याला नको म्हणता येत नाही त्याला सगळं घर मनाविरुद्ध भरवत, झाकत, उठवत असतं. नातवाचं नाव त्यानंतर, त्याला थोडी वाट पाहायला सांगा. देवाचं नाव त्यांना भजनात येतंच आहे.

सराव दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, ते ताजेतवाने असतील तेव्हा. जेवणावर लगेच नको. शब्द चुकला तर दुरुस्त करत बसू नका, परत एकत्र म्हणा.

आणि आधी रीतसर तपासणी करून घ्या. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, नायर रुग्णालयातही वाचाउपचार विभाग आहे. खाजगीपेक्षा खर्च खूपच कमी येतो. जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी घ्या, आणि शनिवारी काका आले की बाबांच्या भजनाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून तेही सोबत न्या. तिथल्या तपासणीत ते नव्या जागेला बुजून गप्प बसले तर ते रेकॉर्डिंगच त्यांच्या वतीने बोलेल.